उदयंपेरूरला जाळलेली पुस्तकं कोणाची होती?

'ख्रिस्ती धर्म हा गोऱ्यांचा. पोर्तुगिजांच्या गलबतातून उतरला आणि इंग्रजांच्या पलटणीमागून गावोगाव फिरला.' हे वाक्य मी दोन प्रकारच्या लोकांच्या तोंडून ऐकत आलो आहे. एकजण ते चिडून म्हणतो आणि पुढे 'परका धर्म' असा शेरा मारतो. दुसरा भारावून म्हणतो आणि पुढे शाळा, दवाखाने, शिस्त, इंग्रजी यांची यादी जोडतो. एकाचा राग आणि दुसऱ्याचं कौतुक बाजूला ठेवलं, तर दोघांचा इतिहास एकच आहे. तो इतिहास चुकीचा आहे, एवढंच मला इथं सांगायचं आहे. त्यासाठी दोघांनाही एकच प्रश्न विचारतो.

जून १५९९ मध्ये गोव्याचा आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यानं कोचीजवळच्या उदयंपेरूर गावी एक धर्मसभा भरवली. समोर बसलेली माणसं ख्रिस्ती होती. त्यांची प्रार्थना सुरियानी भाषेत चालत असे, त्यांचे पाद्री लग्न करून संसार करत, आणि उपासनेत ते नाव घेत ते बॅबिलोनच्या, म्हणजे बगदादकडच्या, धर्मप्रमुखाचं. मेनेझिसनं हे सगळं बंद करायला लावलं. पाद्र्यांनी बायका सोडाव्यात, प्रार्थनेत पोपचं नाव घ्यावं, असे ठराव झाले. सुरियानी पोथ्या तपासून दुरुस्त कराव्यात आणि ज्या दुरुस्त होण्यापलीकडच्या असतील त्या जाळाव्यात, असा हुकूम निघाला. त्याप्रमाणे पोथ्या जळाल्याही. धर्म जर पोर्तुगिजांनी आणला असेल, तर ही पुस्तकं कोणाची होती?

त्या सभेनं ज्या समजुतींना 'चूक' ठरवलं, त्यातली एक मुद्दाम सांगतो: प्रत्येकाला आपापल्या धर्मात तरणोपाय आहे, ही. केरळातल्या या ख्रिस्ती लोकांत ती रुजलेली आहे, अशी मेनेझिसची तक्रार होती. शेजाऱ्यांबरोबर शेकडो वर्षं राहून त्यांनी शिकलेलं शहाणपण लिस्बनहून आलेल्या माणसाला पाखंड वाटलं. हे लोकही गप्प बसले नाहीत. जानेवारी १६५३ मध्ये मट्टांचेरीला एका क्रुसाला दोर बांधून, तो धरून, हजारोंनी शपथ घेतली की यापुढे जेझुइटांची हुकमत मानणार नाही. युरोपीय सत्तेविरुद्ध भारतात झालेल्या सुरुवातीच्या सामूहिक उठावांत ही शपथ मोजायला हवी. आपल्या पाठ्यपुस्तकांत तिला ओळभरही जागा मिळालेली मी पाहिली नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: 'केरळचं सोडा हो, ते अपवाद.' ठीक. अपवादच तपासू. इ.स. ८४९ चे कोल्लमचे ताम्रपट आहेत. चेर राजाच्या अमलातल्या स्थानिक अधिपतीनं तिथल्या तरिसा चर्चला जमीन, माणसं आणि व्यापारी हक्क दिल्याची ती सनद आहे. खाली साक्षीदारांच्या सह्या आहेत अरबी लिपीत, पहलवी लिपीत आणि हिब्रू लिपीत. म्हणजे नवव्या शतकात एका हिंदू अधिपतीच्या दानाला मुसलमान, पारशी आणि ज्यू व्यापारी साक्षीला उभे होते. आणि त्या वेळी युरोपात? पोलंडचा अधिपती मिएश्को बाप्तिस्मा घेणार होता ११७ वर्षांनंतर, ९६६ मध्ये. कीव्हचा व्लादिमीर ९८८ मध्ये. आइसलंडनं धर्म बदलला १००० च्या सुमाराला आणि लिथुआनियानं १३८७ मध्ये. सॅक्सन लोकांना शार्लमेननं तलवारीच्या धाकानं ख्रिस्ती केलं. त्यानं केलेल्या कायद्यात बाप्तिस्मा टाळण्याची शिक्षा मृत्यू होती. ज्यांना आपण या धर्माचे 'मूळ मालक' समजतो, त्यांच्यातल्या कित्येकांच्या घरात तो केरळनंतर आला आणि तिथंही तो परकाच होता.

मग मूळ घर कुठलं? येशू ज्यू होता, गालीलचा होता, बोलत होता आरामाईक. ग्रीक शुभवर्तमानांत आजही मधूनमधून ते मूळ शब्द तसेच राहिले आहेत: अब्बा, तलिथा कूम, एफ्फथा. लिहिणाऱ्यांनी ते ग्रीकमध्ये समजावून सांगितले आहेत, कारण वाचणाऱ्यांना ते कळत नव्हते. 'ख्रिस्ती' हे नाव पहिल्यांदा पडलं ते सीरियातल्या अंत्युखियात. 'ख्रिस्त' हा शब्दही 'मशीहा' म्हणजे अभिषिक्त याचा ग्रीक अनुवाद आहे, आडनाव नव्हे. पहिल्या शतकाच्या मध्यावरच या मंडळींत जोराचं भांडण झालं: ज्यू नसलेल्यांनी या पंथात यायचं तर त्यांनी आधी सुंता करून ज्यू व्हावं का? यरुशलेमच्या बैठकीत निर्णय झाला की नको. पुढच्या सगळ्या इतिहासाचं बी त्या निर्णयात आहे. ज्या धर्मानं आपल्या संस्थापकाची भाषा आणि त्याच्या समाजाच्या चालीरीती पहिल्याच पिढीत सक्तीच्या ठेवल्या नाहीत, तो ज्या गावात गेला त्या गावच्या बोलीत बोलणारच होता.

आता या बोलींचा हिशेब करू. एडेसा या सीरिया-मेसोपोटेमियाच्या सीमेवरच्या नगरात सुरियानी साहित्य उभं राहिलं. चौथ्या शतकातला एफ्रेम हा त्यातला थोर कवी. धर्मशास्त्र त्यानं ग्रंथांपेक्षा गीतांत मांडलं आणि ती गीतं स्त्रियांच्या मेळ्यांकडून गाऊन घेतली. इथिओपियात अक्सुमचा राजा एझाना चौथ्या शतकात ख्रिस्ती झाला. त्याच्या आधीच्या नाण्यांवर चंद्रकोर आणि बिंब आहे, नंतरच्या नाण्यांवर क्रूस. राजाची श्रद्धा कधी बदलली याचा इतका चोख पुरावा इतिहासात क्वचित मिळतो. आर्मेनियाच्या राजानंही त्याच शतकाच्या सुरुवातीला धर्म स्वीकारला आणि ४०५ च्या सुमारास मेस्रोप माश्तोत्स यानं आर्मेनियन भाषेसाठी नवी लिपी घडवली, तीही मुख्यतः बायबल उतरवायला. संन्यस्त मठजीवन ही इजिप्तच्या वाळवंटाची देणगी. आणि 'लॅटिन चर्च' म्हणून आपण ज्याला रोमचं समजतो, त्याची वैचारिक भाषा प्रथम घडली उत्तर आफ्रिकेत. कार्थेजचा तेर्तुलियन लॅटिनमध्ये वाद घालत होता, तेव्हा रोमच्या चर्चमध्ये उपासना ग्रीकमध्ये चालत होती. ऑगस्टिन तर आजच्या अल्जीरियात जन्मलेला.

इथं दुसरा एक बडा दावा आडवा येतो: 'ते काही असो, धर्माला आजचं रूप दिलं ते रोमन बादशहा कॉन्स्टंटाइननं. नायसियात मतदान घेऊन येशूला देव केलं, बायबलची पुस्तकं निवडली.' कादंबऱ्या आणि चित्रपटांनी हा दावा घरोघर पोचवला आहे. त्यातला बायबलचा भाग तर सरळ खोटा आहे. ३२५ च्या नायसिया परिषदेचे वीस नियम उपलब्ध आहेत, त्यांत बायबलच्या पुस्तकांची यादीच नाही. नव्या कराराची आजची सत्तावीस पुस्तकं जशीच्या तशी मोजणारी यादी ३६७ मधल्या एका पत्रात येते आणि ते पत्र लिहिलं आहे अलेक्झांड्रियाच्या अथानासियसनं, म्हणजे पुन्हा इजिप्तनं. येशूला देव मानणं परिषदेच्या कितीतरी आधीपासून चालू होतं. वाद होता तो पुत्र पित्याइतकाच अनादी आहे की पित्यानं निर्माण केलेला, यावर. बादशहानं परिषद बोलावली, खर्च केला आणि दबावही आणला, हे खरं. पण नायसिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं इझनिक. बसलेले बिशप बहुतांश पूर्वेकडचे होते. रोमचा बिशप आलाच नाही, त्यानं दोन पाद्री पाठवले. पहिल्या सातही सार्वत्रिक परिषदा आजच्या तुर्कस्तानच्या हद्दीत भरल्या. 'पाश्चात्त्य धर्मा'चं संविधान लिहायला पश्चिमेत एकही जागा सापडली नसावी!

कॉन्स्टंटाइनची खरी किंमत कुणी मोजली, ते बघायला मात्र पूर्वेकडेच जावं लागतं. इराणच्या सासानी साम्राज्यात तेव्हा मोठी ख्रिस्ती वस्ती होती. शत्रूचा बादशहा ख्रिस्ती झाल्याबरोबर इराणी ख्रिस्ती संशयित ठरले. शापूर दुसरा यानं त्यांच्यावर दुप्पट कर बसवला आणि तो वसूल करून द्यायचं काम त्यांच्याच बिशपवर, शिमोन बार सब्बाए याच्यावर टाकलं. त्यानं नकार दिला आणि ३४० नंतरच्या काही वर्षांत तो मारला गेला. त्याच्यामागे असंख्य गेले. आरोप काय होता? राहतात आमच्या भूमीत, मन मात्र कैसराकडे. आजच्या कुठल्याही चर्चेत हा आरोप जसाच्या तसा ऐकू येतो, फक्त कैसराच्या जागी व्हॅटिकन किंवा अमेरिका येते. या इराणी चर्चनं पुढे ४१० मध्ये आपली स्वतंत्र घडी बसवली आणि ४२४ मध्ये ठरवलं की आमच्या तक्रारी पश्चिमेकडच्या बिशपांकडे न्यायच्या नाहीत. त्या वेळी रोमशी फटकून राहणं हे ख्रिस्ती असण्याच्या आड येत नव्हतं.

याच इराणी चर्चचे साधू आणि व्यापारी पूर्वेला निघाले. ६३५ मध्ये अलोपेन नावाचा एक साधू तांग राजधानी चांगआनला पोचला. ७८१ मध्ये तिथं उभारलेला शिलालेख आजही शीआनमध्ये आहे. त्याचा मजकूर चिनी आहे आणि शब्दसंपदा मोठ्या प्रमाणात बौद्ध आणि ताओवादी वळणाची आहे. तो मजकूर रचणारा साधू जिंगजिंग. याच जिंगजिंगनं प्राज्ञ नावाच्या, नालंदेत शिकलेल्या बौद्ध भिक्षूबरोबर बसून एका बौद्ध सूत्राचं चिनी भाषांतर केलं. ते दरबाराला पसंत पडलं नाही. बुद्धाची वाट आणि मशीहाची वाट यांची गल्लत नको, असं त्यांचं म्हणणं पडलं. नालंदेचा भिक्षू आणि इराणी परंपरेचा ख्रिस्ती साधू चिनी राजधानीत एका पोथीवर वाकलेले आहेत, या चित्रात युरोपीय माणूस कुठंच नाही.

पुढे ८४५ मध्ये तांग सम्राट वुझोंगनं फर्मान काढून या साधूंना संसारात परत पाठवलं. कारण? धर्म परका आहे. पण त्या फर्मानाचा खरा रोख ख्रिस्ती लोकांवर नव्हताच. त्या वर्षी अडीच लाखांहून अधिक बौद्ध भिक्षू-भिक्षुणींना चीवर उतरवायला लावलं गेलं, कारण बुद्धाचा धर्म भारतातून आलेला, परका. 'परका धर्म' ही काठी हातात घेणाऱ्यानं एवढं लक्षात ठेवावं, की ती एकदा आपल्या बुद्धाच्या पाठीतही बसली आहे.

आता आपल्या उंबऱ्याशी येतो. सहाव्या शतकाच्या मध्यावर अलेक्झांड्रियाच्या कॉस्मस या व्यापाऱ्यानं लिहून ठेवलं आहे, की मिऱ्यांच्या मले प्रदेशात चर्च आहे आणि 'कल्लियाना' इथं इराणातून नेमून आलेला बिशप आहे. कल्लियाना म्हणजे आपलं कल्याण, असं अनेक अभ्यासक मानतात, तर काहीजण ते दक्षिणेकडे शोधतात. तो वाद चालू राहू दे. ठाण्याबद्दल मात्र संदिग्धता नाही. १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्यात मारले गेले आणि त्यांचे देह जॉर्डानस या फ्रेंच धर्मगुरूनं सोपाऱ्याला नेऊन पुरले. ही हकीकत लिहिणारा युरोपीय प्रवासी ओदोरिक सांगतो, की ठाण्यात ख्रिस्ती लोकांची पंधरा घरं होती आणि या साधूंना आसरा मिळाला तो त्यांच्याकडेच. ती घरं 'नेस्तोरियन', म्हणजे इराणी परंपरेची. ओदोरिक त्यांना पाखंडी म्हणतो. वास्को द गामा यायला तेव्हा १७७ वर्षं अवकाश होता. युरोपीय पाहुणा ठाण्याला आला, ठाण्याच्या ख्रिस्ती घरात जेवला आणि यजमानांना पाखंडी ठरवून गेला. मेनेझिसची ही पूर्वपीठिका.

एवढं सांगून झाल्यावर विरोधी पक्षाच्या पदरात जे खरं आहे ते टाकलंच पाहिजे. गोव्यात तिसवाडीतली देवळं १५४० च्या सुमारास पाडली गेली. मंगेशाला कुठ्ठाळी सोडून प्रियोळला यावं लागलं. १५६० ते १८१२, मधली थोडी वर्षं वगळता, गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, चाललं. वसई-साष्टीतही सत्ता आणि धर्म हातात हात घालून फिरले. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली तेव्हा लोकांनी सुटकेचा श्वास टाकला, तो उगाच नव्हे. महाराष्ट्रातल्या आजच्या बहुतेक ख्रिस्ती कुटुंबांपर्यंत हा धर्म पोर्तुगीज पाद्र्यांकडून किंवा एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन आणि ब्रिटिश मिशनऱ्यांकडून पोचला, ठाण्याच्या त्या पंधरा घरांतून नाही. हे सगळं मान्य. पण एखादी गोष्ट आपल्या दारी कोणी आणून दिली आणि ती मुळात कोणाची, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मिरची, बटाटा आणि काजू पोर्तुगिजांनी आणले. म्हणून कोणी ठेच्याला पाश्चात्त्य म्हणत नाही. आणि इन्क्विझिशनपुढे उभे केलेले बरेचसे आरोपी कोण होते? बाप्तिस्मा झालेले गोवेकरच. घरात जुन्या चाली पाळल्या, हा त्यांचा गुन्हा. १६८४ मध्ये व्हाइसरॉयनं फर्मान काढलं, की तीन वर्षांत लोकांनी कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावं. साम्राज्याला नुसते ख्रिस्ती नको होते, पोर्तुगीज हवे होते.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत अलीकडचा आणि सगळ्यांत चलाख: 'मग हे चर्चमध्ये आरत्या, अभंग, समया कशाला? फसवायलाच ना?' इथं मला हसू आवरत नाही. ख्रिस्ती माणूस इंग्रजी गाणं म्हणाला तर तो परका आणि अभंग म्हणाला तर लबाड. त्यानं गावं तरी काय? पोप ग्रेगरीनं ६०१ मध्ये इंग्लंडला गेलेल्या धर्मप्रचारकांना कळवलं होतं, की तिथली देवळं पाडू नका, मूर्ती काढा आणि लोकांचे मेजवानीचे दिवस राहू द्या. याला डावपेच म्हणायचं असेल तर म्हणा. पण मग इंग्रजांचा नाताळ, जर्मनांचं सजवलेलं झाड आणि रशियनांचे कांद्याच्या आकाराचे घुमट हेही डावपेचच ठरतात आणि 'अस्सल' ख्रिस्ती असं काही उरतच नाही. इथिओपियन चर्चमध्ये ढोल वाजतात, आर्मेनियन चर्चला स्वतःची लिपी आहे, चिनी शिलालेखात बौद्ध शब्द आहेत. त्या रांगेत १६१६ मध्ये रायतूरला छापलेलं, अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण' बसतं. ते लिहिणारा थॉमस स्टीफन्स इंग्रज होता, पण त्यानं ओवी उसनी घेतली नाही, ती शिकून घेतली. त्याच रांगेत नारायण वामन टिळकांचे अभंग बसतात. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनच्या नोकरीतून बाहेर पडून 'देवाचा दरबार' मांडला, तो परक्या साच्यात श्वास कोंडला म्हणूनच. हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावात बायबलचं मराठी भाषांतर करणाऱ्या पंडिता रमाबाईंनी कोणाला फसवलं? वसईची सामवेदी बोली बोलणारी आजी क्रुसापुढे आपल्या बोलीत पुटपुटते, तेव्हा ती कुठला डाव टाकत असते?

दुसऱ्या टोकाची चूकही इथंच निकालात काढतो. 'येशू काश्मिरात शिकला, लडाखच्या मठात त्याची पोथी आहे,' असं अभिमानानं सांगणारे पुष्कळ भेटतात. ही कथा १८९४ मध्ये नोतोविच या रशियन गृहस्थानं छापली. दुसऱ्याच वर्षी एक प्राध्यापक हेमिसच्या मठात जाऊन प्रमुख लामांना भेटून आले आणि लामांनी अशी पोथी असल्याचा साफ इन्कार केला. येशूला भारतीय करण्यासाठी त्याला खोट्या तिकिटावर काश्मीरला पाठवायची गरज नाही. तो ज्यू होता, पश्चिम आशियाचा होता, आणि त्याचे अनुयायी भारतात भारतीय झाले. एवढं पुरेसं आहे.

आता सुरुवातीच्या त्या वाक्याकडे वळतो. ख्रिस्ती म्हणजे युरोपीय, हे समीकरण कुठल्याही राष्ट्रभक्तानं शोधलेलं नाही. ते मेनेझिसचं आहे. सुरियानी पोथ्या त्यानं जाळल्या त्या याच समजुतीनं, की जे रोमचं नाही ते ख्रिस्ती नाही. व्हाइसरॉयच्या कोकणीविरोधी फर्मानामागेही तीच समजूत होती. आज जो माणूस 'ख्रिस्ती म्हणजे परके' म्हणतो, तो आर्चबिशपला शिव्या घालता घालता त्याचीच पोथी वाचत असतो. आणि जो 'गोऱ्यांनी आणलेला सुधारलेला धर्म' म्हणून मान डोलावतो, तोही. मेनेझिस म्हणाला, खरे ख्रिस्ती व्हायचं तर आमच्यासारखे व्हा. आजचा टीकाकार म्हणतो, आमच्यासारखे व्हायचं तर ख्रिस्ती राहू नका. दोघांच्या मधे माणूस तोच उभा आहे.

तेव्हा पुन्हा कोणी ठणकावून सांगितलं, की हा धर्म पोर्तुगिजांच्या गलबतातून उतरला, तर वाद वाढवू नये. शांतपणे विचारावं: बरोबर असेल तुमचं. पण मग १३२१ सालच्या ठाण्यातल्या त्या पंधरा घरांचं काय करायचं, तेवढं सांगा.